केबलचे रेकॉर्डिंग, एचडीएमआय स्प्लिटर आणि पाहुण्यांच्या खोल्या: कुलूप नेमके कुठे आहे?

डिचोली तालुक्यातल्या एका गृहस्थांनी तीन प्रश्न एकत्र विचारले आहेत. त्यांच्या मुलीचा नाट्यगीतांचा कार्यक्रम दूरदर्शनच्या गोवा वाहिनीवर झाला होता आणि तो त्यांनी केबलच्या एचडी बॉक्सला बाहेरून जोडलेल्या हार्ड डिस्कवर रेकॉर्ड करून ठेवला होता. जूनमधल्या गडगडाटात बॉक्स जळाला, ऑपरेटरने दुसरा दिला, आणि हा नवा बॉक्स ती डिस्क लावताच 'फॉरमॅट करा' एवढेच सांगतो. संगणकही तेच म्हणतो. ते रेकॉर्डिंग परत मिळेल का, हा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न वरच्या मजल्यावरच्या चार खोल्यांचा आहे, ज्या ते पर्यटकांना देतात. खालच्या एकाच बॉक्सवरून एचडीएमआय स्प्लिटरने चारही खोल्यांत चित्र नेले, तेव्हा दोन टीव्हींवर ते नीट आले, एकावर येते-जाते आणि एकावर काळा पडदाच राहतो. हे सगळे घरच्या नेटवर्कवर टाकून खोल्याखोल्यांत देता येईल का, आणि तसे करणे कायद्यात बसते का, हा तिसरा प्रश्न.

उत्तरातला कटू भाग आधी सांगून टाकतो. जळालेल्या बॉक्सची मुख्य चिप गेली असेल, तर ते रेकॉर्डिंग आता परत मिळणार नाही; डेटा परत मिळवून देणाऱ्या दुकानात डिस्क नेलीत तरी पैसे जातील आणि हाती काही लागणार नाही. डिस्क शाबूत आहे, तिच्यावरची माहितीही शाबूत आहे, नाहीशी झाली आहे ती किल्ली. मात्र बॉक्स 'जळाला' म्हणजे त्यातले नेमके काय जळाले, हे कोणी तपासल्याचे तुमच्या प्रश्नावरून दिसत नाही. तिथे अजून वाव आहे, त्याबद्दल पुढे लिहितो. तोवर नवा बॉक्स कितीही वेळा विचारो, डिस्क फॉरमॅट करू नका, आणि जुना बॉक्स ऑपरेटरच्या माणसाच्या हाती देऊ नका.

अशा सगळ्या अडचणींना लोक सरसकट 'एचडीसीपी लागले' किंवा 'केबलवाल्याने बंद केले' असे म्हणतात. प्रत्यक्षात केबल घरात शिरल्यापासून पडद्यापर्यंत तीन निरनिराळी कुलुपे आहेत: पहिले केबलमधून येणाऱ्या प्रवाहावर, दुसरे डिस्कवरच्या रेकॉर्डिंगवर आणि तिसरे बॉक्स व टीव्ही यांच्यामधल्या एचडीएमआय तारेवर, ज्याला एचडीसीपी म्हणतात. घरच्या नेटवर्कवर चित्र टाकायचे म्हटले की चौथे येते. ही कुलुपे वेगवेगळ्या मंडळींनी, वेगवेगळ्या काळजीपोटी लावलेली आहेत, आणि एक उघडले म्हणून दुसरे उघडत नाही.

पहिले कुलूप कायद्याने सक्तीचे आहे. केबल टेलिव्हिजन नेटवर्क कायद्यात २०११ साली दुरुस्ती झाली आणि कलम ४अ मध्ये असे आले की, केबल ऑपरेटरने कोणत्याही वाहिनीचे कार्यक्रम डिजिटल ॲड्रेसेबल यंत्रणेतून, सांकेतिक रूपातच पाठवले पाहिजेत. आधी चार महानगरे, मग ३८ शहरे असा क्रम ठरला. त्या दोन्ही याद्यांत गोव्यातले एकही शहर नव्हते. आपल्या शहरांची पाळी तिसऱ्या टप्प्यात आणि खेड्यांची चौथ्या टप्प्यात आली. त्यापूर्वीच्या ॲनालॉग केबलवर तार फोडून घरात तीन टीव्ही लावावेत, व्हीसीआरवर कार्यक्रम टिपावा आणि ती कॅसेट शेजारच्या वाड्यावर पाठवावी, यात तांत्रिक अडथळा कोणताच नव्हता. आता केबलमधून येणारे चित्र ज्या किल्लीने गुंफलेले असते ती दर काही सेकंदांनी बदलते. नवी किल्ली बंद संदेशातून प्रवाहाबरोबरच येते आणि तो संदेश उघडण्याचा अधिकार तुमच्या बॉक्सला आहे की नाही, हे ऑपरेटरच्या हेड-एंडवरून, म्हणजे त्याच्या मुख्य केंद्रावरून, ठरते. महिन्याचे पैसे थकले की वाहिन्या जातात त्या याच मार्गाने.

कलमातील 'कोणत्याही वाहिनीचे' हे शब्द लक्षात ठेवावेत. दूरदर्शन फुकट असले, ते दाखवणे ऑपरेटरवर बंधनकारक असले, तरी केबलमधून तेही कुलूपबंदच येते.

आता दुसरे कुलूप, ज्यात तुमच्या मुलीचे गाणे अडकले आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २०१७ साली प्रक्षेपक आणि वितरक यांच्यातल्या जोडणीचे विनियम काढले. त्यांच्या तिसऱ्या अनुसूचीत सेट-टॉप बॉक्सने काय-काय केले पाहिजे याची यादी आहे. रेकॉर्डिंगची सोय असलेल्या बॉक्समध्ये प्रतिबंधक यंत्रणा असली पाहिजे, आणि रेकॉर्ड केलेला मजकूर दुसऱ्या कोणत्याही उपकरणावर नेता येता कामा नये, असे तिथे म्हटले आहे. बॉक्स बनवणारे हे असे पाळतात: आलेला प्रवाह एकदा उघडून, तो डिस्कवर लिहिण्यापूर्वी पुन्हा बंद केला जातो, आणि या दुसऱ्या वेळची किल्ली त्या एकाच बॉक्सच्या चिपमध्ये असते. ती ना ऑपरेटरकडे असते, ना बॉक्समधल्या स्मार्ट कार्डावर. म्हणून त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा, त्याच ग्राहक क्रमांकाचा नवा बॉक्सही तुमच्या डिस्कपुढे परकाच ठरतो. डिस्कची मांडणीही संगणकाला ओळखीची नसते, त्यामुळे तोही फॉरमॅट करायला सांगतो. पण तो अडथळा किरकोळ आहे, खरा अडथळा किल्लीचा.

माझी तक्रार इथे आहे. ज्या कार्यक्रमाला मुळात कोणी तिकीट लावलेले नाही, जो सरकारी पैशाने तयार होऊन सर्वांसाठी फुकट दाखवला गेला, त्याच्या रेकॉर्डिंगवर सशुल्क सिनेमाइतकेच कडक कुलूप बसते, कारण अनुसूचीतले ते वाक्य फुकट आणि सशुल्क वाहिन्यांत भेद करत नाही. आपल्या नियमांनी काय बंद ठेवायचे ते सांगितले. काय उघडे ठेवलेच पाहिजे ते सांगितले नाही. बॉक्स बनवणाऱ्याला दोन प्रकारचे रेकॉर्डिंग सांभाळण्यापेक्षा सगळेच बंद करणे सोपे जाते आणि प्रेक्षकाच्या बाजूने त्याला अडवणारा नियम नाही.

इतरत्र याचा विचार निराळ्या पद्धतीने झालेला आहे. अमेरिकेत एफसीसीने, म्हणजे तिथल्या दूरसंचार नियामक आयोगाने, २००३ साली केबलसाठी जे नियम केले, त्यांत कमाल मर्यादा आखून दिली होती: खुल्या प्रक्षेपणाच्या नकलेवर बंधन घालायचे नाही, मासिक वर्गणीच्या वाहिन्यांची फार तर एक पिढी नक्कल (म्हणजे नकलेची पुन्हा नक्कल नाही) होऊ द्यायची, आणि नक्कल संपूर्ण बंद ठेवण्याची मुभा फक्त पैसे भरून मागवलेल्या कार्यक्रमांपुरती. त्याच वर्षी त्याच एफसीसीने खुल्या डिजिटल प्रक्षेपणासाठी कार्यक्रमाचे पुढचे वाटप रोखणारी 'ब्रॉडकास्ट फ्लॅग' नावाची खूणही मंजूर केली होती, जी ओळखणे जुलै २००५ पासून प्रत्येक टीव्ही आणि रेकॉर्डरला सक्तीचे होणार होते. ग्रंथालयांच्या संघटना न्यायालयात गेल्या आणि मे २००५ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने ती रद्द केली, कारण चित्र घरात पोहोचल्यानंतर उपकरणाने काय करावे हे सांगण्याचा अधिकार एफसीसीला संसदेने दिलेलाच नव्हता. केबलच्या मर्यादांचे नियमही त्याच न्यायालयाने पुढे २०१३ साली रद्द केले, तेव्हा अमेरिकेचे उदाहरण देताना ते आजचे म्हणून देऊ नये. जपानची गोष्ट अधिक व्यवहारी आहे. तिथे २००४ पासून खुल्या डिजिटल वाहिन्यांवरही एकाच प्रतीची मुभा होती. ती प्रत डिस्कवरून डीव्हीडीवर नेताना मध्येच वीज गेली की दोन्हीकडून कार्यक्रम जायचा. लोकांची ओरड वाढल्यावर जुलै २००८ पासून नऊ नकला आणि दहाव्या वेळी स्थलांतर अशी पद्धत सुरू झाली. तुमच्या घरी ती सोय असती, तर एक प्रत तुमच्या कपाटात आणि एक मामाच्या घरी केव्हाच गेली असती.

आता त्या जळालेल्या बॉक्सकडे वळतो. आपल्याकडे केबल माडावरून, खांबावरून, पत्र्यावरून येते, आणि विजेचा झटका सहसा दोन वाटांनी शिरतो: केबलच्या तारेतून ट्यूनरमध्ये, म्हणजे वाहिनी पकडणाऱ्या भागात, किंवा विजेच्या बोर्डातून ॲडॅप्टरमध्ये. टीव्हीकडून आलेला झटका एचडीएमआयचा भाग घेऊन जातो. या तिन्ही प्रकारांत मुख्य चिप वाचलेली असण्याची शक्यता बरीच असते. तेव्हा प्रथम त्याच व्होल्टचा आणि तितक्याच किंवा अधिक अँपिअरचा, पिनची ध्रुवता जुळणारा दुसरा ॲडॅप्टर लावून पाहा. पुढचा दिवा लागला, पण पडदा काळा राहिला, तर एचडीएमआय सोडून मागच्या एव्ही पोर्टला जुनी पिवळी-लाल-पांढरी तार लावा. ट्यूनर गेलेला असला तरी बॉक्स सुरू होऊन रेकॉर्डिंगची यादी दाखवू शकतो. काही बॉक्स मात्र वर्गणी चालू असल्याशिवाय रेकॉर्डिंगही लावत नाहीत, म्हणून जुना क्रमांक आणखी काही दिवस चालू ठेवायची विनंती ऑपरेटरला करावी लागेल. हे साधले तर कार्यक्रम निदान पाहता येईल. त्याच वेळी पडद्यासमोर स्टँडवर मोबाइल ठेवून तो टिपून घ्या. दर्जा सुमार येईल. आवाजासाठी एव्हीच्या लाल-पांढऱ्या तारा थेट एखाद्या ध्वनिमुद्रकाला दिल्यात तर गाणे मात्र चांगले मिळेल.

आपल्या घरच्या उपयोगासाठी असे टिपणे कायद्याला मान्य आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम ३९ मध्ये, स्वतःच्या खासगी उपयोगासाठी केलेले ध्वनी किंवा दृश्य रेकॉर्डिंग हे प्रक्षेपकाच्या हक्काचा भंग ठरत नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. कायदा ज्याला मुभा देतो ते बॉक्स करू देत नाही, अशी ही स्थिती आहे. त्याचबरोबर दूरदर्शनच्या पणजी केंद्राला कार्यक्रमाचे नाव, तारीख आणि वेळ घालून प्रतीसाठी लेखी विनंती करा. आणि त्याआधी केंद्राच्या यूट्यूब वाहिनीवर शोधून पाहा, कारण कार्यक्रम तिथेही टाकले जातात.

पुढच्या खेपेसाठी सोपा मार्ग आहे. गोवा वाहिनी २०१९ पासून डीडी फ्री डिशवर, म्हणजे दूरदर्शनच्या मोफत उपग्रह सेवेवर, आहे आणि तो प्रवाह घरच्या डिशवर मासिक वर्गणीशिवाय येतो. पेनड्राइव्हवर रेकॉर्ड करणारे साधे फ्री-टू-एअर (फुकट वाहिन्या दाखवणारे) बॉक्स बाजारात मिळतात. ते सहसा उघडी फाइल लिहितात, जी संगणकावर, दुसऱ्या टीव्हीवर, कुठेही चालते. घेण्यापूर्वी दुकानातच पाच मिनिटे रेकॉर्ड करून ती फाइल दुसऱ्या टीव्हीवर लावून पाहा. फ्री डिशचा जीसॅट-१५ हा उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे, त्यामुळे गोव्यातून डिश आग्नेयेकडे, क्षितिजापासून साधारण ६० अंश वर तोंड करून बसते. त्या दिशेला माडाची झावळी येत असेल तर पावसात चित्र तुटेल. पेनड्राइव्ह एफएटी-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असला तर चार जीबीच्या पुढे फाइल जात नाही, आणि लांब कार्यक्रम तुकड्यांत येतो किंवा मध्येच थांबतो, हेही आधी तपासावे.

आता स्प्लिटर. एचडीएमआय तारेवरचे कुलूप म्हणजे एचडीसीपी. ते ट्रायने किंवा ऑपरेटरने बनवलेले नाही. इंटेलने ते तयार केले आणि तिच्याच एका उपकंपनीमार्फत उपकरण बनवणाऱ्यांना त्याचा परवाना मिळतो. बॉक्स चित्र पाठवण्यापूर्वी समोरच्या टीव्हीला आपली ओळख पटवायला लावतो. जुन्या १.४ पर्यंतच्या पद्धतीत प्रत्येक उपकरणात ५६ बिटांच्या ४० गुप्त किल्ल्या असतात. दोन्ही बाजूंनी आपापल्या किल्ल्यांवरून एकच आकडा काढला की चित्र सुरू होते. मध्ये स्प्लिटर असेल तर त्याने आपल्यामागे किती आणि कोणती उपकरणे आहेत याची यादी बॉक्सला द्यायची असते. जुन्या पद्धतीत अशी १२७ उपकरणे आणि सात पातळ्या चालतात. २०१३ नंतरच्या २.२ पद्धतीत, जी फोर-के साठी लागते, ३२ उपकरणे आणि चार पातळ्या. चार खोल्यांमुळे कोणतीही मर्यादा ओलांडली जात नाही, तेव्हा 'जास्त टीव्ही लावले म्हणून बंद पडले' हा तुमच्या वायरमनचा अंदाज बरोबर नाही.

कायम काळा राहणारा टीव्ही बहुधा जुना आहे, किंवा तो मुळात संगणकाचा मॉनिटर असून त्याला डीव्हीआयचा जोड लावलेला आहे, ज्यात एचडीसीपी नाही. ओळख पटली नाही की नियमाने वागणारा स्प्लिटर तेवढ्या दारातून चित्र देत नाही आणि बाकीच्यांना देत राहतो. तपासायचे सोपे आहे: तोच टीव्ही खाली आणून मीटरभराच्या तारेने थेट बॉक्सला लावा. तिथेही काळाच राहिला तर दोष टीव्हीचा, लागला तर तारेचा किंवा स्प्लिटरचा. बॉक्स फोर-के असेल तर आणखी एक गोष्ट पाहावी लागते. स्प्लिटर किंवा टीव्ही यांतले एकही २.२ जाणत नसेल, तर तशा कार्यक्रमांना काही बॉक्स दर्जा उतरवून चित्र देतात आणि काही सरळ नकार देतात.

येतो-जातो तो टीव्ही अधिक बोलका आहे. जुन्या एचडीसीपीत ओळख एकदा पटवून भागत नाही; दर १२८ फ्रेमनंतर, म्हणजे दोन-अडीच सेकंदांनी, बॉक्स टीव्हीकडून एक आकडा पुन्हा वाचून घेतो. तो जुळला नाही तर चित्र थांबते आणि ओळखीचा सगळा विधी पुन्हा सुरू होतो. हा आकडा चित्र वाहणाऱ्या जलद तारांतून जात नाही. त्याच केबलमधल्या दोन संथ, बारीक तारांतून तो वाचला जातो, आणि लांब, स्वस्त केबलमध्ये आधी दम सोडतात त्या याच. म्हणून चित्र असते तेव्हा अगदी स्वच्छ असते आणि मग एकदम जाते. पडद्यावर पांढरे ठिपके चमकत असते, रेघा येत असत्या, तर जलद तारांचा दोष म्हटला असता. किनाऱ्याजवळच्या घरांत खारी हवा आणि पावसाळ्याचा दमटपणा यांनी पिनांवर हिरवट थर चढतो, त्यामुळेही नेमके असेच होते. पिना साफ करून किंवा तार बदलून एकदा पाहा. वरच्या मजल्यापर्यंत पंधरा मीटरांची साधी एचडीएमआय तार ओढली असेल, तर ती काढून कॅट-६ या नेटवर्कच्या तारेवर चालणारे एचडीबेस-टी जोड लावावेत. शंभर मीटरपर्यंत ते चालतात आणि एचडीसीपीची ओळखपाळख नियमाप्रमाणे पलीकडे पोहोचवतात.

बाजारात असेही स्प्लिटर मिळतात जे आतल्या बाजूला आपणच टीव्ही असल्याचे भासवतात आणि बाहेर कुलूप नसलेले चित्र देतात. हे शक्य आहे, कारण एचडीसीपीच्या जुन्या पद्धतीची मूळ किल्ली सप्टेंबर २०१० मध्ये उघड झाली आणि ती खरी असल्याचे इंटेलने मान्य केले. दुकानदार ते 'सगळ्या टीव्हींना चालते' म्हणून विकतो. मी ते कोणाच्या घरी बसवत नाही, आणि कारण केवळ भिडेचे नाही. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली आलेले कलम ६५अ असे आहे की, हक्कांच्या रक्षणासाठी लावलेली तांत्रिक योजना ते हक्क मोडण्याच्या हेतूने जो चुकवील त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो; कलम ३९अ मुळे ते प्रक्षेपकाच्या हक्कालाही लागू पडते. कायद्याने मनाई नसलेल्या कामासाठी केलेल्या गोष्टीला त्यात अपवाद आहे. पण त्या अपवादाखाली दुसऱ्याला मदत करणाऱ्याने त्या माणसाचे नाव, पत्ता आणि सर्व तपशील नोंदवून ठेवायचे असतात. अशी वही ठेवणारा दुकानदार माझ्या पाहण्यात नाही.

नेटवर्कच्या प्रश्नाला थोडक्यात उत्तर पुरेल, कारण इथे जे होऊ शकले असते ते झालेच नाही. हिताची, इंटेल, मात्सुशिता, सोनी आणि तोशिबा या पाच कंपन्यांनी घरातल्या उपकरणांमध्ये संरक्षित चित्र फिरावे म्हणून डीटीसीपी नावाची पद्धत आणली, आणि पुढे ती इंटरनेटच्या संकेतांवर चालणारी केली. प्रत्येक कार्यक्रमाला 'मुक्त', 'एक पिढी', 'आता आणखी नाही' आणि 'कधीच नाही' अशा चारपैकी एक खूण असते. चित्र घराबाहेर जाऊ नये म्हणून दोन उपकरणांमधला निरोप सात मिलिसेकंदांत जाऊन परत आला पाहिजे आणि त्याने वाटेत तीनपेक्षा जास्त राउटर ओलांडता कामा नयेत, असा त्यात दंडक आहे. कल्पना शहाणपणाची होती: कुलूप घराच्या कुंपणाला, घरातल्या प्रत्येक दाराला नाही. परंतु आपल्याकडच्या केबलच्या बॉक्सांत ती सोय जवळपास दिसत नाही, आणि घरगुती उपकरणांच्या जोडणीचे मानक सांभाळणारी डीएलएनए ही संस्थाही २०१७ मध्ये बरखास्त झाली. त्यामुळे बॉक्समधले रेकॉर्डिंग वाय-फायवरून दुसऱ्या खोलीत पाहण्याचा सरळ मार्ग तुमच्याकडे नाही. मुलीचे मोबाइलवर टिपलेले गाणे, चवथीच्या आरत्यांचे व्हिडिओ, फ्री डिशवरून घेतलेल्या उघड्या फाइली हे सारे मात्र राउटरला जोडलेल्या डिस्कवरून तुमच्या कुटुंबाच्या कोणत्याही टीव्हीवर बिनघोर लावा.

फोनवरून टीव्हीवर 'कास्ट' करता येते मग हे का नाही, असे तुमच्या मुलाने विचारल्याचे लिहिले आहे. कास्ट करताना चित्र फोनमधून टीव्हीत जात नाही. फोन फक्त काय लावायचे ते सांगतो, आणि टीव्ही किंवा त्याला लावलेली कांडी तो कार्यक्रम इंटरनेटवरून स्वतः आणून स्वतःच उघडते. उघडण्याचे हे काम उपकरणाच्या सुरक्षित भागात होत असेल तरच बहुतेक सेवा एचडी देतात. वाइडवाइन या ओटीटी सेवांच्या कुलूप-पद्धतीत त्याला एल-१ म्हणतात. स्वस्त कांड्या बऱ्याचदा एल-३ असतात आणि मग नव्या कोऱ्या टीव्हीवरही चित्र पुसट दिसते. खोल्यांसाठी खरेदी करताना हे आवर्जून विचारा.

आता कायदा, आणि तुमच्या बाबतीत तोच मुख्य मुद्दा आहे. स्प्लिटर दुरुस्त होईल, तारा बदलता येतील. तरीही घरच्या जोडणीवरून पाहुण्यांच्या खोल्यांत चित्र देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कॉपीराइट कायद्याने 'जनतेपर्यंत पोहोचवणे' याची जी व्याख्या केली आहे, तिच्या स्पष्टीकरणात उपग्रह, केबल किंवा तशाच साधनाने एकाच वेळी एकाहून अधिक घरांत किंवा निवासस्थानांत पोहोचवणे हे जनतेपर्यंत पोहोचवणेच मानले आहे, आणि त्यात हॉटेल किंवा वसतिगृहाच्या राहत्या खोल्यांचा नाव घेऊन उल्लेख आहे. 'पाहुणे आमच्याच घरात राहतात' हा युक्तिवाद तिथे फार टिकणार नाही. विशेषतः गोव्याच्या १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली त्या खोल्या तुम्ही स्वतःच नोंदवल्या असतील तर. शिवाय कलम ३७ प्रमाणे, पैसे घेऊन जनतेला प्रक्षेपण दाखवणे हा प्रक्षेपकाच्या हक्काचा भंग आहे आणि हा हक्क २५ वर्षे टिकतो. टीव्हीचे वेगळे पैसे तुम्ही घेत नसाल, पण खोलीच्या जाहिरातीत 'एलईडी टीव्ही, केबलसह' असे लिहिता, तेव्हा ते भाड्यात धरले आहे असे म्हणायला जागा राहते.

पकडले कसे जाते, हेही सांगतो, कारण 'कोण बघायला येतो' असे मला नेहमी ऐकवले जाते. सामना चालू असताना पडद्याच्या एखाद्या कोपऱ्यात काही सेकंद एक क्रमांक उमटतो आणि जातो, हे तुम्ही पाहिले असेल. ते फिंगरप्रिंटिंग. ट्रायच्या त्याच अनुसूचीप्रमाणे बॉक्समध्ये त्याची सोय असणे सक्तीचे आहे, ते दिसणारे आणि न दिसणारे अशा दोन्ही प्रकारचे असते, आणि कोणत्याही उपकरणाने ते पुसले जाता कामा नये अशी अट आहे. तो क्रमांक तुमच्या बॉक्सचा किंवा कार्डाचा असतो. वरच्या खोलीतल्या एखाद्या पाहुण्याने पडद्याचे चित्रण करून ते इंटरनेटवर थेट सोडले, तर त्यात दिसणाऱ्या क्रमांकावरून वाहिनीला ऑपरेटर सापडतो आणि ऑपरेटरला तुमचे घर. पाहुणा तोवर विमानात बसलेला असतो. असा क्रमांक काळ्या यादीत गेला की तो बॉक्स दुसऱ्या कोणाला देण्याचीही ऑपरेटरला मुभा नसते.

तेव्हा खोल्यांसाठी दोनच मार्ग मला रास्त वाटतात. पाहुणे मुख्यतः देशी कुटुंबे असतील आणि त्यांना बातम्या, मालिका, सामने हवे असतील, तर प्रत्येक खोलीत स्वतंत्र बॉक्स घ्या. जोडणी पाहुण्यांच्या निवासासाठी आहे हे ऑपरेटरकडून अर्जावर आणि पावतीवर लिहून घ्या. एका घरातल्या अनेक टीव्हींसाठीची सवलत कुटुंबापुरती असते, ती इथे ओढू नका. पाहुणे बहुतांश परदेशी किंवा तरुण असतील तर केबलचा खर्च वाया जातो. साधा स्मार्ट टीव्ही आणि चांगले वाय-फाय द्या, आणि आपापल्या खात्याने त्यांना हवे ते पाहू द्या. तुमच्या कुटुंबाचे ओटीटी खाते खोल्यांत चालू करून ठेवू नका. बहुतेक सेवांच्या अटी ते घरगुती, वैयक्तिक उपयोगापुरतेच ठेवतात.

हा दुसरा मार्ग घेतलात तर पाहुण्यांचे वाय-फाय घरच्या नेटवर्कपासून वेगळे ठेवा, नाहीतर मुलीच्या गाण्यांची डिस्क त्यांनाही दिसेल. मात्र राउटरच्या 'गेस्ट' सोयीत उपकरणे एकमेकांपासून तोडलेली असतात, त्यामुळे पाहुण्याचा फोन त्याच खोलीतल्या टीव्हीला शोधू शकत नाही आणि कास्ट चालत नाही. यासाठी व्हीलॅनची, म्हणजे एकाच राउटरवर अनेक वेगळी नेटवर्क करण्याची, सोय असलेला राउटर आणि प्रत्येक खोलीला आपले वेगळे नेटवर्क, अशी मांडणी करावी लागते. पाहुणा गेला की टीव्हीच्या सेटिंगमधून त्याची खाती पुसण्याचे काम चादरी बदलणाऱ्या माणसाच्या यादीत लिहून ठेवा. आणि वर जाणाऱ्या पाइपातून जुनी एचडीएमआय तार काढाल, तेव्हा तिच्या जागी प्रत्येक खोलीला दोन कॅट-६ तारा ओढून घ्या, एक टीव्हीसाठी आणि एक वाय-फायच्या डब्यासाठी. जाड चिऱ्याच्या भिंतीतून खालच्या राउटरचे वाय-फाय वर धड पोहोचत नाही.